परत म्हणून दाखव

९ जानेवारी

प्रिय आत्या,

नमस्कार वगैरे समजून घे, आज सरळ कामाचंच लिहिते. फोन केला असता, पण तुझ्याकडे तो आहे कुठे? टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालीस त्याच दिवशी तू घरातला फोन काढून कपाटात कोंबलास आणि "आयुष्यभर कानाला लावला, आता ज्याला माझ्याशी बोलायचंय त्याने शाई खर्च करावी" असं जाहीर केलंस. तेव्हा ही घे शाई.

मागच्या भेटीत तू विचारलंस, विद्यापीठात मी नक्की करते काय? शिकवत नाही, संशोधन अर्ध्यात सोडलं, मग पगार कशाचा? आत्या, हा प्रश्न मला आमचा कॅंटीनवालाही विचारतो. आमच्या खोलीवर पाटी आहे ‘संशोधन साहाय्य कक्ष’. शास्त्रज्ञ मंडळी काहीतरी शोधून काढतात आणि ते असं लिहितात की शेजारच्या खोलीतल्या शास्त्रज्ञालाही कळू नये. मग ते माझ्याकडे येतं. मी ते साध्या भाषेत उतरवते. वर्तमानपत्रांसाठी, प्रयोगात भाग घेणाऱ्या लोकांसाठी, आणि ज्यांनी निधी दिला त्यांच्यासाठीसुद्धा, म्हणजे त्यांना कळावं की या संशोधनाने कोणाचं काय भलं झालं. माझा प्रबंध अपुरा राहिला तेव्हा बाबांना वाटलं होतं, सगळं मुसळ केरात गेलं. आज ते असते तर त्यांना सांगितलं असतं की मला हे काम त्या प्रबंधापेक्षा कितीतरी जास्त आवडतं.

आता माझी अडचण ऐक. मजकूर बाहेर जाण्याआधी तो कोणा साध्या वाचकाकडून वाचून घ्यायचा असतो. कक्षाकडे असे वाचक आहेत, पण ते सगळे सज्जन. ‘छान आहे’ असं लिहून परत पाठवतात. मला सज्जन माणूस नकोय, मला तू हवी आहेस.

माझी नोकरी अजून कंत्राटी आहे. कायम करायचं की निरोपाचा चहा पाजायचा, हे विभागप्रमुख बाई वर्षअखेरीस ठरवतील. तेव्हा माया करू नकोस, लाल पेन्सिल चालव. सोबत रस्त्यावरचे दिवे आणि रात्रीचे किडे यांच्यावरचा कागद आहे.

तुझी,
पोपट

*

१८ जानेवारी

चि. पोपट,

शाई पोचली. म्हणजे आता म्हातारपणी मी विद्यापीठात लागले म्हणायचं! खालच्या चष्मेवाल्यांना ताबडतोब सांगून आले. ते म्हणाले, "बाई, मग आता आम्हाला ओळख दाखवाल ना?" मी म्हटलं, बघू, कामाच्या वेळा सांभाळून जमलं तर.

कागद वाचला. लाल पेन्सिल चालवली आहे, रडू नकोस. पहिल्या ओळीतला ‘परिसंस्था’ हा शब्द मला कळला, पण तो तू मला कळावा म्हणून लिहिलेला नाहीस, तुला येतो हे दाखवायला लिहिला आहेस. तो काढ. तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य इतकं लांब आहे की मी मध्ये उठून चहा ठेवून आले, तरी ते चालूच होतं.

आता आमचा एक्स्चेंजचा नियम सांगते, तो तुझ्या खोलीत लाव. निरोप दिला की पलीकडच्याला म्हणायचं, "परत म्हणून दाखवा." त्याने बरोबर म्हटला तरच निरोप पोचला. चुकीचा म्हटला तर चूक ऐकणाऱ्याची नाही, सांगणाऱ्याची. नव्या मुली लगेच म्हणायच्या, "बाई, लाइन खराब होती हो." मी त्यांना स्विचबोर्डावरून उठवायचे. लाइनवर ढकलणं हे आळशाचं काम. लाइन खराब आहे ना, मग आणखी सावकाश बोला, आणखी स्पष्ट बोला, पण पोचवा! शाळा सुटली की तू माझ्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसून मी म्हटलेला प्रत्येक नंबर माझ्यामागून म्हणायचीस, ते उगाच नाही. पोपट हे नाव बोर्डावरच्या बायकांनी ठेवलं, मी नाही.

फक्त एकदाच लाइनची चूक होती. एका लग्नाची बोलणी आणि एका घोड्याचा सौदा एकमेकांत अडकले. मुलाच्या बापाला ऐकू आलं, "दात नीट बघून घ्या, आणि लाथ मारायची सवय आहे का तेही विचारा." ते लग्न झालं म्हणे. घोड्याचं काय झालं कळलं नाही.

तर परत म्हणून दाखवते. रस्त्यावरचे पांढरे दिवे रात्रभर जळतात म्हणून किडे त्यांच्याभोवती फिरून फिरून दमतात, फुलांकडे जातच नाहीत, आणि मग झाडांना फळं कमी धरतात. दिवे पिवळे केले आणि खाली वळवले तर फरक पडतो. बरोबर? मग एवढंच लिही ना बये.

तुझी,
आत्या

*

५ मार्च

प्रिय आत्या,

तू इथे नसूनही आमच्या खोलीत दहशत पसरवली आहेस. विभागप्रमुख बाईंना तुझा नियम इतका आवडला की त्यांनी तो मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावला: ‘परत म्हणून दाखवा. चूक सांगणाऱ्याची.’

परवा पुलाचे प्राध्यापक आले. पुलाच्या लोखंडाला एक छोटं यंत्र चिकटवायचं आणि भेग पडायला लागली की तिचा बारीक आवाज त्याने आधीच ऐकायचा, असं त्यांचं काम आहे. त्यांनी समजावलं, मी परत म्हणून दाखवलं, साफ चुकलं. ते म्हणाले, "तुमच्या लक्षात आलं नाही." मी गुपचूप भिंतीकडे बोट दाखवलं. माणूस लालबुंद झाला! पण दुसऱ्या दिवशी पत्र्याचा तुकडा आणि पोस्टमनच्या सायकलची घंटा घेऊन हजर. अगदी टेबलावर चढून समजावलं. आता ते सगळ्या विद्यापीठात सांगत फिरतात की त्या खोलीत एक आत्या आहे, तिच्यापासून जपून.

दिव्यांचा कागद नगरपालिकेने छापून वाटला. काही रस्त्यांवरचे दिवे बदलणार आहेत. निधीवाल्यांना पाठवायच्या अहवालात हे लिहिताना माझा ऊर भरून आला. तुझं नाव घालता आलं नाही, पण ते तुझंच आहे.

सोबत पुलाचा कागद. आणि पुढच्या महिन्यात स्मृती विभागाचं एक मोठं काम येतंय, त्यासाठी पेन्सिल तासून ठेव.

तुझी,
पोपट

*

२२ एप्रिल

चि. पोपट,

उशीर झाला. कागद कुठेतरी ठेवला होता तो सापडत नव्हता. शेवटी भांड्यांच्या फडताळात निघाला. तिथे तो गेला कसा हे त्यालाच माहीत.

परत म्हणून दाखवते. पुलावर दिवे लावले की किडे येतात, आणि त्यांच्या आवाजामुळे भेगा ऐकू येत नाहीत. म्हणून दिवे खाली वळवायचे. कल्पना चांगली आहे, पण पुलावर अंधार झाला तर लोक पडतील, ते प्राध्यापकांना विचार.

अक्षर फार बारीक छापता तुम्ही. ओळ संपेपर्यंत डोळे दमतात आणि पुन्हा मागे जावं लागतं. चष्मेवाल्यांकडे जाऊन नंबर तपासून आले. ते म्हणतात, काही बदल नाही. त्यांचं यंत्र जुनं झालंय.

तुला एक गंमत सांगते, बहुतेक कधी सांगितली नाही. आमच्याकडे एकदा एका लग्नाची बोलणी आणि एका घोड्याचा सौदा एकमेकांत अडकले होते. मुलाच्या बापाला ऐकू आलं, "दात नीट बघून घ्या." हसून हसून पुरेवाट.

तुझी,
आत्या

*

११ मे

प्रिय आत्या,

तुझं ‘परत म्हणून दाखवते’ मी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि आम्ही पोट धरून हसलो. नंतर मात्र माझा कागद पुन्हा वाचला आणि हसू आवरतं घेतलं. सुरुवातीलाच मी पुलावरच्या दिव्याच्या खांबाबद्दल लिहिलं होतं. तिथेच तुझा पाय घसरला असणार. दिव्यांवरचा कागद तू आधी वाचलेला, त्यात हा खांब. चूक माझी. खांब काढला, अक्षर वाढवलं, वाक्यं अर्धी केली.

घोड्याचा किस्सा तू जानेवारीतही सांगितला होतास. पण तू कितीही वेळा सांग, मी तितक्या वेळा हसेन.

आता खरं काम. स्मृती विभागाच्या डॉक्टरीणबाई एका औषधाची चाचणी घेणार आहेत. त्यासाठी लोक हवेत, आणि त्यांना बोलावणारा कागद मी लिहायचा आहे. ऑगस्टअखेरीस नावनोंदणी बंद. आत्या, इतका अवघड कागद मी अजून लिहिलेला नाही. घाबरवायचं नाही, खोटी आशा लावायची नाही, आणि जो माणूस हे स्वतःपासूनही लपवतोय त्याच्यापर्यंत पोचायचं. लहान आहे, म्हणून इथेच उतरवते:

‘नाव आठवत नाही, किल्ली सापडत नाही, हे सगळ्यांचंच होतं. पण रोजच्या रस्त्यावर उभं राहून आपलं घर कोणत्या बाजूला हे आठवेनासं झालं असेल, वाक्य वाचून संपेपर्यंत त्याची सुरुवात निसटत असेल, आणि हे तुम्ही कोणाला सांगितलं नसेल, तर आम्हाला भेटा. आमच्या औषधाने विसरणं थांबत नाही. ते थोडं सावकाश येतं का, एवढंच आम्ही बघतो आहोत. त्यासाठी सुरुवातीलाच यावं लागतं. उशीर झाला तर आम्हाला तुम्हाला घेता येणार नाही. दर खेपेला घरचं एक माणूस सोबत असावं.’

कसं वाटतं? परत म्हणून दाखव.

तुझी,
पोपट

*

२ जून

चि. पोपट,

कळलं नाही. पुन्हा लिही.

घरचं माणूस म्हणजे कोण? सगळ्यांना असतं का? आणि ते माणूस दुसऱ्या गावात नोकरी करत असेल तर त्याने काय नोकरी सोडून यायचं? हे तुमच्या डॉक्टरीणबाईंना विचार.

इकडे उन्हाळा फार आहे. तब्येत ठीक.

आत्या

*

१४ जुलै

प्रिय आत्या,

तुझं मागचं पत्र इतकं आखूड होतं की मला वाटलं, रागावलीस. मग लक्षात आलं, कागदच तुझ्या पसंतीला उतरला नसेल.

घरच्या माणसाचा मुद्दा लाखमोलाचा. डॉक्टरीणबाईंना सांगितल्यावर त्यांनी लगेच तो टिपून घेतला. म्हणाल्या, हे आमच्या लक्षातच आलं नाही. आता कागदात लिहिलंय की शेजारी किंवा ओळखीचं कोणीही चालेल, आणि कोणीच नसेल तर आम्ही माणूस देऊ.

तरी दुसरा मसुदाही तू ‘कळलं नाही’ एवढंच लिहून परत पाठवलास. म्हणून हा तिसरा. विभागप्रमुख बाई वैतागल्या आहेत. बाकीच्या सगळ्या वाचकांना पहिलाच मसुदा कळला होता, काही जण तर वाचून रडले. बाई म्हणाल्या, "एका माणसासाठी तू चांगला कागद पातळ करते आहेस." मी म्हटलं, बाई, ते सगळे सज्जन आहेत, माझी आत्या नाही. तिला कळत नाही याचा अर्थ माझ्या लिहिण्यात कुठेतरी खोट आहे. शेवटी त्यांनी घरच्या माणसाची ओळ तेवढी बदलून पहिलाच कागद छापायला पाठवला. पण माझं मन मानत नाही. मला निदान माझ्यासाठी तरी कळायला हवं, मी कुठे चुकते आहे. तेवढं एकदा सांग ना.

तुझ्या अक्षराला काय झालंय? ओळी खाली उतरतात. हात दुखतोय का?

तुझी,
पोपट

*

६ सप्टेंबर

ताई,

मी तुमच्या आत्याबाईंच्या घराखालचा चष्मेवाला. तुम्ही मला ओळखता. आपल्याला न विचारता लिहितो आहे, माफी असावी. बाईंनी मला शपथ घातली होती की तुम्हाला कळवायचं नाही. आजवर पाळली. आता पाळवत नाही.

बाई या वर्षात पुन्हा पुन्हा नंबर तपासायला येत आहेत. दर वेळी म्हणतात, अक्षरं निसटतात. ताई, त्यांचे डोळे उत्तम आहेत. अगदी खालची बारीक ओळसुद्धा वाचतात. चष्म्यात काही दोष नाही. मी हे त्यांना सांगायचो तेव्हा त्या माझ्या यंत्राला नावं ठेवायच्या, आणि मीही हसून सोडून द्यायचो.

गेल्या आठवड्यात त्या दुधाची पिशवी घेऊन समोरच्या फुटपाथवर बराच वेळ उभ्या होत्या. मी रस्ता ओलांडून गेलो. त्यांनी मला विचारलं, "एक्स्चेंजची बस इथेच थांबते ना? माझी पाळी आहे." एक्स्चेंजची इमारत पाडून किती काळ लोटला, तुम्हाला माहीतच आहे. मी त्यांना हाताला धरून वर सोडून आलो. दारापाशी त्यांना सगळं आठवलं, आणि त्यांनी मला शपथ घातली.

काल शेगडीवर रिकामं पातेलं जळून काळं झालं. मी वास आला म्हणून वर गेलो. आता तुम्ही या.

तुमचा,
चष्मेवाला

*

१० ऑक्टोबर

प्रिय आत्या,

काल तुला घरी सोडून परत आले. घर उघडलं आणि चपलाही न काढता लिहायला बसले आहे.

मी तुझ्यावर रागावले आहे. हे आधी लिहून टाकते, नाहीतर सगळं पत्र खोटं होईल. तिथे असताना तुझ्यासमोर मला रागावता येत नव्हतं. तू माझ्या मागे मागे फिरत होतीस आणि "चहा घेतलास का" हे पुन्हा पुन्हा विचारत होतीस.

तुला इकडे आणून दाखवलं, ते डॉक्टरीणबाईंच्या खोलीतलं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्यांनी तुला काही शब्द सांगितले. सफरचंद, खिडकी, रुमाल, घंटा, वाळू. म्हणाल्या, "परत म्हणून दाखवा." तू ताठ बसलीस, मान किंचित वाकडी केलीस, कानाला काही लावलेलं असल्यासारखी, आणि सगळे शब्द टकाटक म्हटलेस. असा स्वच्छ आवाज! बाई चकित झाल्या. माझ्या तर जिवात जीव आला. मग त्यांनी इकडचं तिकडचं विचारलं, आणि थोड्या वेळाने तेच शब्द पुन्हा विचारले. तू माझ्याकडे बघितलंस. मी स्टुलावर बसलेली, आणि तू माझ्याकडे बघत होतीस, मी सांगावं म्हणून.

त्या म्हणाल्या, चाचणीसाठी उशीर झाला आहे. नावनोंदणी बंद झाली ते वेगळंच, पण ती चालू असती तरी तुला घेता आलं नसतं. मे महिन्यात आली असतीस तर घेतलं असतं. मी विचारलं, फरक पडला असता का? त्या खऱ्या माणूस आहेत. म्हणाल्या, सांगता येत नाही, कदाचित थोडा. आत्या, मला तो थोडा हवा होता.

विसरणाऱ्या माणसापर्यंत कसं पोचायचं हे मी गावभर शिकवत होते. आणि तू पत्रामागून पत्रात मला दाखवत होतीस आणि मी खांब काढत होते, अक्षर वाढवत होते. तुला कळत नाही म्हणजे चूक माझी, एवढा एकच नियम मला पाठ होता.

पण एक गोष्ट मला समजत नाही. मे महिन्यात तू बरी होतीस. मग तो कागद तुला खरंच कळला नव्हता?

तुझी,
पोपट

*

३ नोव्हेंबर

चि. पोपट,

आज सकाळ चांगली आहे. अशा सकाळी आता कमी येतात, म्हणून चहासुद्धा न करता लिहिते आहे. चष्मेवाल्यांनी शेगडी काढून नेली आहे, तेव्हा चहा तसाही नाहीच.

तो कागद मला पहिल्याच वाचनात कळला. तुझ्या हातून इतकं स्वच्छ कधी उतरलं नव्हतं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. तू मला न बघता माझंच लिहिलं होतंस. दार लावून घेतलं आणि खूप रडले.

तुझ्याशी खोटं बोलायचं मनात नव्हतं. पण ‘कळलं’ असं लिहिलं असतं तर नियमाप्रमाणे परत म्हणून दाखवावं लागलं असतं. मला काय होतंय ते माझ्या हाताने, माझ्या शब्दांत लिहावं लागलं असतं. पेन्सिल घेऊन बसले, आणि नाही जमलं. म्हणून ‘कळलं नाही’ लिहिलं. दुसऱ्या वेळीही तेच. तिसरा कागद आला तेव्हा मात्र खरंच कळलं नाही. ते कळलं नाही हे आज आठवतंय आणि भीती वाटते.

आणि दुसरं असं की मी तुला ओळखते. तुला कळलं असतं तर त्याच संध्याकाळी राजीनामा देऊन बॅग उचलून आली असतीस. तुला हे काम सापडायला किती वर्षं गेली! प्रबंध सुटला तेव्हा तू महिनोन्महिने खिडकीकडे तोंड करून बसायचीस, कोणाशी बोलायची नाहीस. मग जानेवारीत तुझं ते पत्र आलं, त्यात तू पुन्हा बडबडत होतीस. मला वर्षअखेरपर्यंत तग धरायचा होता, तू कायम होईपर्यंत. तेवढाही धरवला नाही.

तू लिहितेस, चूक तुझी. नाही. तुझा निरोप पोचला होता. मी पावती दिली नाही.

कायम झालीस की कळव. माझ्या लक्षात राहील की नाही माहीत नाही, पण ज्या दिवशी वाचीन त्या दिवशी आनंद होईल. आणि शप्पथ आहे माझी, नोकरी सोडायची नाही.

तुझी,
आत्या

*

२० जानेवारी

चष्मेवाले काका,

नमस्कार. तुम्ही आणि तुमच्या मंडळींनी गेले तीन-चार महिने आत्याला जसं सांभाळलं त्याबद्दल आभार कसे मानायचे मला कळत नाही, म्हणून मानत नाही.

कायम झाल्याचं पत्र डिसेंबरात हातात पडलं. त्याच आठवड्यात मी राजीनामा लिहून दिला. विभागप्रमुख बाईंनी तो बरेच दिवस टेबलावर तसाच ठेवला, घरून काम कर म्हणाल्या, अर्धा वेळ कर म्हणाल्या. पण आत्याला आता अर्ध्या वेळाचं माणूस पुरणार नाही, हे तुम्हाला आणि मला दोघांनाही माहीत आहे. काल पुलाचे प्राध्यापक निरोप घ्यायला आले आणि भिंतीवरच्या पाटीखाली ती सायकलची घंटा ठेवून गेले.

राजीनाम्याचं तिला सांगू नका. तिने शपथ घातली होती. ती विसरली असेल, मी नाही विसरले.

सोबतचा कागद तिला सकाळी वाचून दाखवा. सकाळी तिचं मन जरा थाऱ्यावर असतं म्हणून. घाई करू नका. मग तो तिच्याजवळच असू द्या, आणि तिने काही लिहिलं तर तेवढं पाठवा. रविवारी पोचते.

तुमची,
वरच्या बाईंची भाची

*

(सोबतचा कागद, मोठ्या अक्षरांत)

आत्या,

मी तुझी भाची.
तुझ्या भावाची मुलगी.
मी रविवारी येते.
तुझ्याकडे राहायला येते. परत जाणार नाही.
मी दार वाजवीन. तू आतून उघड.
घाबरू नकोस.
मी तुझी भाची. मी आहे.

*

२४ जानेवारी

पत्र पाठवणाऱ्या बाईंस,

नमस्कार. तुमचा निरोप खालच्या दुकानातल्या गृहस्थांनी दिला. चांगला माणूस आहे. परत म्हणून दाखवते. रविवारी कोणीतरी येणार. दार वाजेल, आतून उघडायचं. राहायला येणार, परत जाणार नाही. घाबरायचं नाही. बरोबर आहे ना?

ती कोण, ते तुम्ही वरही लिहिलं आहे आणि खालीही लिहिलं आहे. मी वाचते. वाचताना कळतं. कागद खाली ठेवला की जातं. पुन्हा उचलते. बाई, तुम्ही फार चांगलं लिहिलं आहे. अक्षर मोठं आहे, वाक्यं लहान आहेत. एवढं समजावून कोणी लिहीत नाही. तुमची काही चूक नाही. लाइन खराब आहे. मी असं कधी कोणाला म्हणू देत नाही, पण इथली लाइन खराब आहे.

तुमच्याकडून एक निरोप पुढे द्यायचा आहे. आमच्याकडे एक मुलगी आहे, पोपट म्हणतात तिला. शाळा सुटली की माझ्याजवळ स्टुलावर बसते. मोठी हुशार आहे. विद्यापीठात कामाला आहे, लोकांना समजेल असं लिहिते. तिला सांगा, आत्या मजेत आहे. तिला सांगा, नोकरी सोडू नकोस.

एवढंच. निरोप नीट कळला असेल तर परत म्हणून दाखवा.